तीनचाकी गाडी आणि पुढच्या दोन चाकांचा मेळ

गाडी ओढावी कशी, हा प्रश्न माणसाने फार प्राचीन काळी सोडवला. गाडी वळवावी कशी, हा प्रश्न मात्र त्यानंतर कित्येक शतके अर्धवट सुटलेल्या स्थितीत राहिला. आपल्या बैलगाडीला तो कधी पडला नाही, याचे कारण तिला चाके दोनच. बैल वळले की आतले चाक जरा रेंगाळते, बाहेरचे जरा अधिक फिरते, आणि गाडी निमूटपणे बैलांमागून जाते. पण दोनांची चार चाके झाली की गोष्ट बदलते. कार्तिकी एकादशीला जळगावात निघणारा श्रीरामाचा रथ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. रथाची दिशा बदलायची म्हणजे चाकाखाली मोगरी घालायची. हे काम कोणा नवशिक्याचे नव्हे. मोगरी लावणाऱ्याचा हात क्षणभर चुकला तर केवढा अनर्थ होईल, हे शेकडो टन भक्तिभाव ओढणाऱ्या त्या गर्दीकडे पाहून कोणालाही समजते.

आज आम्ही आपणांपुढे जो विषय मांडणार आहोत, तो प्रथमदर्शनी एखाद्या फिटरने गॅरेजच्या दारात उभे राहून सांगावा असा वाटेल. काही तीनचाकी मोटारगाड्यांना आणि मोटारसायकलींना पुढे दोन चाके व मागे एक चाक असते. त्या पुढच्या दोन चाकांचा मेळ, म्हणजे ज्याला आपण सर्वजण सरळ ‘अलाइनमेंट’ म्हणतो, तो कसा साधावयाचा? एका दांडीच्या टोकाचा लॉकनट सैल करायचा, दांडी थोडी फिरवायची, नट पुन्हा आवळायचा. काम तसे एवढेच. मग इतिहासाच्या व्यासपीठावर त्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, या दांडीपर्यंत येण्यास माणसाला सुमारे सव्वाशे वर्षे लागली, आणि त्या अवधीत एकच युक्ती कमीत कमी चार वेळा नव्याने शोधून काढावी लागली. एकदा सापडलेली गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा हरवतो कसा, हे पाहावयाचे असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

प्रथम अडचण कोणती ती पाहू. गाडी वळते तेव्हा तिची सर्व चाके एकाच मध्यबिंदूभोवती फिरावयास हवीत. आतले चाक त्या बिंदूच्या जवळ, म्हणून त्याचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. अर्थात आतले चाक अधिक वळले पाहिजे, बाहेरचे कमी. हिशोबच करावयाचा तर असा : पुढच्या व मागच्या चाकांत २ मीटर अंतर आहे, पुढच्या दोन चाकांत सव्वा मीटर आहे, आणि गाडी ६ मीटर त्रिज्येच्या वळणावर आहे. तर आतले चाक सुमारे २० अंश वळावयास हवे आणि बाहेरचे सुमारे १७ अंश. दोन्ही चाके सारखीच वळवली तर त्यांपैकी एक तरी फरफटत जाते. सरळ रस्त्यावर मात्र तीच दोन चाके एकमेकांना जवळजवळ समांतर असली पाहिजेत. म्हणजे सरळ जाताना एकमत आणि वळताना नेमका हवा तेवढाच मतभेद, अशी ही मागणी आहे. संसारातसुद्धा ती सहज पुरी होत नाही, मग लोखंडाकडून ती पुरी करून घेणे किती कठीण असेल!

युरोपातल्या घोडागाड्यांनी यातून एक ढोबळ वाट काढली होती. पुढची सगळी आसच मधल्या एका खिळ्यावर फिरती ठेवायची. घोडे वळले की धुरा वळते, धुरेबरोबर आस, आणि आसेबरोबर दोन्ही चाके. भूमितीच्या दृष्टीने ही रचना निर्दोष आहे. व्यवहारात तिचे दोन दोष होते. आस फार वळली की पुढची चाके गाडीच्या पोटाखाली शिरत, आणि चार पायांवर उभी असलेली गाडी एकाएकी तीन पायांच्या तिवईसारखी होऊन कलंडे. दुसरा दोष घोडा असेपर्यंत कोणाच्या ध्यानात येण्याजोगा नव्हता. एका चाकाला दगड लागला तर तो धक्का लांब आसेच्या टोकाशी बसल्यामुळे सगळी आस पिळवटते. पण धुरेच्या दुसऱ्या टोकाला दोन दांडगे घोडे असल्यावर त्या धक्क्याची कोण पर्वा करतो?

गाडी कलंडण्याची पर्वा मात्र एका डॉक्टरला होती. इंग्लंडातील लिचफील्ड गावी एरॅस्मस डार्विन नावाचा वैद्य अठराव्या शतकाच्या मध्यास राहत असे. उत्क्रांतिवादाच्या चार्ल्स डार्विनचा हा आजोबा. रोगी पाहण्यासाठी त्याला खराब रस्त्यांवरून सतत गाडी हाकावी लागे. १७५९ च्या सुमारास त्याने अशी रचना आखली की, आस जागची हलूच नये; फक्त तिच्या दोन्ही टोकांना दोन आखूड खुंट स्वतंत्र खिळ्यांवर बसवावे, प्रत्येक चाक आपापल्या खुंटावर वळावे, आणि दोन्ही खुंट एका दांडीने जोडलेले असावे. आजची प्रत्येक मोटार तत्त्वतः याच रचनेने वळते. डार्विनाने तिचे पेटंट घेतले नाही. ती त्याच्या गाडीपुरती राहिली आणि तिच्याबरोबरच विसरली गेली. गाडी उलटण्याची त्याची धास्ती निष्कारण नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे : १७६८ साली गाडीच्या अपघातात त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली.

पुढे १८१६ साली म्युनिकमध्ये गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने तीच युक्ती पुन्हा शोधली. हा कारागीर बव्हेरियाच्या राजघराण्याच्या नोकरीतला. इंग्लंडात आपल्या शोधाचे हक्क राखावे म्हणून त्याने लंडनमधल्या रूडोल्फ आकरमान या मुखत्याराकरवी १८१८ साली पेटंट मिळवले. आकरमान हा मूळचा जर्मन. तरुणपणी गाड्यांचे आराखडे काढणारा. नेल्सनच्या अंत्ययात्रेतील शववाहिका त्याच्याच आराखड्याप्रमाणे झाली. पुढे लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर चित्रे आणि पुस्तके छापून त्याने मोठे नाव कमावले. पेटंटावर नाव आकरमानाचे पडले, आणि तेव्हापासून आजवर जगातला प्रत्येक इंजिनियर या रचनेला ‘आकरमान स्टिअरिंग’ म्हणतो. बिचारा लांकेन्स्पेर्गर! मुखत्याराने त्याला फसवले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याने हे कोणापासून लपवलेही नव्हते. पण कागदावर ज्याची सही त्याची कीर्ती, हा न्याय आपल्या कचेऱ्यांतूनच चालतो असे नाही.

इतके होऊनही घोडागाडीवाल्यांनी ही रचना मनापासून स्वीकारली नाही. त्यात सांधे अधिक, झिजणारे भाग अधिक, खर्च अधिक. आणि घोडा पुढे असताना तिची निकड कोणालाच भासत नव्हती. ज्ञान हरवते ते बहुधा असे. ते कोणी जाळत नाही, कोणी पुरत नाही. त्याची गरज पडेनाशी होते, एवढेच.

गरज पडली ती घोडा गेला तेव्हा. फ्रान्समधील ल् माँ या गावी आमेदे बोले नावाचा घंटा ओतणारा एक कारखानदार होता. त्याने १८७३ साली वाफेवर चालणारी एक अवजड गाडी बांधली आणि तिचे नाव ठेवले ‘लोबेसांत’, म्हणजे आज्ञाधारक. नाव अन्वर्थक होते, कारण तिची पुढची दोन चाके स्वतंत्र खुंटांवर वळत आणि चालकाच्या हाताचे ऐकत. १८७५ साली हिच्यातून तो पॅरिसला गेला. प्रवासाला अठरा तास लागले. त्यानंतर पॅरिसच्या शार्ल जांतो या गाड्या बांधणाऱ्याने १८७८ च्या सुमारास एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. खुंटांना जोडलेले हात गाडीला समांतर न ठेवता किंचित तिरपे ठेवावे, इतके की ते मागे वाढवले तर त्यांच्या रेषा मागच्या आसेच्या मध्यावर मिळतील. असे केले की मघाचा वीस आणि सतरा अंशांचा मतभेद पुष्कळसा आपोआप साधतो. या तिरपेपणात सगळी खुबी आहे.

आता जर्मनीत, मानहाइमला जाऊ. १८८५ साली कार्ल बेंत्स याने पेट्रोलवर चालणारी आपली पहिली गाडी पुरी केली. २९ जानेवारी १८८६ ही तिच्या पेटंटाची तारीख. मोटारीचा जन्मदिवस म्हणून ही तारीख शाळकरी मुलेही पाठ करतात. परंतु त्या गाडीचे चित्र नीट पाहावे. तिला चाके तीन आहेत, आणि पुढे एकच! काटकसर म्हणून नव्हे, हलकेपणासाठीही नव्हे. दोन चाके पुढे ठेवून ती नीट वळवण्याचा समाधानकारक मार्ग बेंत्सला तोवर सापडला नव्हता, म्हणून त्याने एक चाकच काढून टाकले. लांकेन्स्पेर्गरच्या शोधाला तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती, बोलेच्या गाडीला बारा. इंजिन, विजेची ठिणगी, डिफरन्शिअल अशा एकाहून एक बिकट गोष्टी ज्याने एकहाती जुळवल्या, तो मनुष्य पुढच्या दोन चाकांपाशी अडला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर गेली, तो जगप्रसिद्ध प्रवास तीन चाकांवरचाच होता. दोन खुंटांच्या स्टिअरिंगचे पेटंट बेंत्सने घेतले १८९३ साली, आणि मग त्याच्या गाडीला चौथे चाक लागले. या पेटंटाने त्याने जुनाच शोध चौथ्यांदा लावला, असे आम्ही म्हणतो ते त्याला कमी लेखण्यासाठी नव्हे. आधीच्या तिघांचे काम त्याच्या हाती वेळेवर पडले असते तर मोटारीचा पहिला फोटो निराळा दिसला असता, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुढे एक चाक ठेवण्याचा बेंत्सचा तोडगा आपल्याला फार जवळचा आहे. इटलीच्या पियाज्जो कंपनीने १९४८ साली ‘आपे’ ही तीनचाकी काढली. तिच्या घराण्यातली ऑटोरिक्षा १९६० च्या सुमारास पुण्यात बजाजच्या कारखान्यात बनू लागली. मालाची ने-आण करणारा जुना तीनचाकी टेम्पो तर आपल्या भाषेत असा मुरला की, पुढे कंपनी कोणतीही असो, लहान मालगाडी म्हणजे टेम्पोच. या गाड्यांना पुढच्या चाकांचा मेळ साधण्याची भानगड नाही. पुढचे चाक एकटेच असल्यावर ते भांडणार कोणाशी? पण रिक्षात बसून ज्याने वेगात वळण घेतले आहे त्याला या सोयीची किंमतही ठाऊक आहे. वळताना ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे आणि बाहेरच्या बाजूला झुकतो. नेमक्या त्या कोपऱ्यात रिक्षाला चाकच नसते.

म्हणून तीन चाकांचीच गाडी हवी, पण ती उलटू नये, असे ज्यांना वाटले त्यांनी रचना उलटी केली : दोन चाके पुढे, एक मागे. आमेदे बोलेचा मुलगा लेओं याने १८९५ मध्ये अशी एक गाडी काढली. हा मुलगाही बापासारखाच हुन्नरी; त्याच्या गणितयंत्राला १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मोटारसायकलचे पुढचे चाक काढून तेथे दोन चाके आणि त्यांच्यामध्ये खुर्ची बसवण्याची टूम निघाली. उतारू पुढे, चालक मागे. म्हणजे अपघात झालाच तर प्रथम कोणाला, हे ठरलेले!

या जातीची गाडी खऱ्या अर्थाने रूढ केली ती एच. एफ. एस. मॉर्गन याने. इंग्लंडातील मॅल्व्हर्न लिंक या गावी त्याचे गॅरेज होते. १९०९ साली त्याने स्वतःसाठी मोटारसायकलचे इंजिन लावून एक हलकी तीनचाकी बांधली आणि १९१० च्या लंडन प्रदर्शनात ती लोकांपुढे ठेवली. पुढचे प्रत्येक चाक एका उभ्या खांबावर खालीवर सरके आणि त्याच खांबाभोवती वळे. दगडावर एक चाक चढले तरी दुसऱ्याला त्याची खबर नाही. ही रचना इतकी समाधानकारक ठरली की मॉर्गनच्या चारचाकी गाड्यांत ती एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. १९१३ साली फ्रान्समध्ये अमियाँ येथे हलक्या गाड्यांची शर्यत झाली, तीत मॉर्गनची तीनचाकी पहिली आली. ही गाडी या शर्यतीतली नव्हेच, असा वाद फ्रेंचांनी घातला. त्या काळची फ्रेंचांची लाडकी गाडी होती बेदेलिया, आणि तिची पुढची सबंध आस घोडागाडीसारखी मधल्या खिळ्यावर फिरत असे, दोरखंडाने ओढलेली! डार्विनाने दीडशे वर्षांपूर्वी टाकून दिलेली रचना आणि त्याने सुचवलेली रचना अशा एकाच शर्यतीत धावल्या.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात आठ हंड्रेडवेटपेक्षा, म्हणजे सुमारे ४०० किलोपेक्षा, हलक्या तीनचाकीला ४ पौंड वार्षिक कर असे. मोटार न परवडणारा शिक्षक, कारकून, कारागीर हा तिचा गिऱ्हाईक. त्याच्यापाशी शोफर नव्हता आणि गॅरेजात पाठवण्याइतका पैसाही नव्हता. तेव्हा पुढच्या चाकांचा मेळ त्यानेच रविवारी सकाळी अंगणात बसवायचा, हे गृहीत होते. दीडशे वर्षे दरबारी कारागीर आणि पेटंटाचे वकील यांच्यामध्ये जे ज्ञान हरवत-सापडत होते, ते अखेर सुतळी, खडू आणि दोन पाने घेऊन बसलेल्या सामान्य गृहस्थाच्या हाती आले. या कथेतला हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, काम पुढच्या चाकांपासून सुरू करावयाचे नाही. मागच्या एकट्या चाकापासून करावयाचे. चारचाकीत मागची दोन चाके एका आसेने बांधलेली असतात. तीनचाकीचे मागचे चाक होडीच्या सुकाणूसारखे आहे. साखळी ताणताना डाव्या बाजूचा स्क्रू एक फेरा अधिक फिरला की ते तिरके बसते, आणि मग पुढे कितीही नेमके मोजा, गाडी एका अंगाला ओढतच राहणार. म्हणून आधी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी सरळ फळ्या किंवा ताणलेली सुतळी पुढपर्यंत न्यावयाची, आणि पुढची दोन्ही चाके त्या रेषांपासून सारख्याच अंतरावर आहेत ना, हे पाहावयाचे. त्याआधी जमीन सपाट हवी, टायरांतली हवा सारखी हवी, आणि पुढचे चाक वरखाली हलवून खांबात ढिलेपणा नाही याची खात्री हवी. सांधा झिजलेला असेल तर अलाइनमेंट म्हणजे चिखलावर रांगोळी.

मग पुढची चाके जॅकवर उचलून एकेक फिरवायची आणि टायरला खडू लावून त्यावर टोकदार खिळ्याने मध्यरेषा ओढायची. गाडी खाली घेऊन, स्टिअरिंग सरळ ठेवून, चाकांच्या मध्याच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेषांमधले अंतर मोजायचे. त्याच जागी खूण करून गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकलायची. खुणा मागे येतात. तेथे पुन्हा मोजायचे. पुढचे माप मागच्यापेक्षा दोनतीन मिलिमीटर कमी यावयास हवे. म्हणजे चाके चालणाऱ्याच्या पावलांसारखी किंचित आत वळलेली असावीत. अगदी समांतर का नकोत, असे आपण विचाराल. मागचे चाक गाडी ढकलते, पुढच्या चाकांना रस्ता अडवतो. त्यामुळे चालू गाडीत ती दोन्ही किंचित बाहेर फाकू पाहतात आणि सांध्यांतला उरलासुरला ढिलेपणा खाऊन टाकतात. उभी असताना थोडी आत, म्हणजे चालताना समांतर.

माप चुकले असेल तर दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांडीचे लॉकनट सैल करून ती लांब किंवा आखूड करायची. हे दोनतीन मिलिमीटर क्षुल्लक वाटतात. पण चाक एका अंशाने जरी तिरपे राहिले तरी दर किलोमीटरला ते सुमारे १७ मीटर आडवे घासले जाते. टायर तर जातोच. पण पावसाळी रस्त्यावर, एकट्या मागच्या चाकाच्या भरवशावर वेगात जाणाऱ्या माणसाचे काय होईल, ते त्या गृहस्थाला चांगले कळत होते. त्याची बायको बहुधा शेजारीच बसलेली असे.

मॉर्गनची जुनी तीनचाकी १९५२ साली बंद झाली आणि २०११ साली नव्या रूपात परत आली. मध्यंतरी २००६ मध्ये ‘आपे’वाल्या पियाज्जोनेच पुढे दोन चाकांची, वळणावर झुकणारी स्कूटर काढली, आणि २००७ मध्ये कॅनडात ‘स्पायडर’ ही मोटारसायकल आली : दोन चाके पुढे, एक मागे, लेओं बोलेची मांडणी. तिच्या चाकांचा मेळ आता सुतळीऐवजी लेसरच्या किरणाने पाहतात. किरण सुतळीसारखा झोळ खात नाही, हा त्याचा खरा लाभ. बाकी क्रम तोच आहे. आधी मागचे चाक, मग पुढची. नट सैल करून दांडी फिरवायची, नट आवळायचा, गाडी थोडी मागेपुढे ढकलून टायरांतला पीळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा मोजायचे. आणि मोजताना आसनावर चालकाच्या वजनाइतका भार ठेवावयाचा, कारण स्प्रिंगा दबल्या की पुढच्या चाकांचा कोन थोडा बदलतो, आणि गाडी रस्त्यावर जाते ती कोणाला तरी घेऊन.